टेस्टोस्टेरॉन कमी आलंय? स्टिरॉइडची पहिली सुई घेण्याआधी हे करा

रिपोर्टवर टेस्टोस्टेरॉन २४५, शेजारी ‘कमी’ असा शेरा, आणि जिममधला कुणीतरी सांगतो, ‘नाहीतरी तुझं शरीर बनवतच नाहीये, एक सायकल मारून टाक.’ सायकल म्हणजे काही आठवडे सलग स्टिरॉइडची इंजेक्शनं किंवा गोळ्या घेणं. हा सल्ला पार उलटा आहे. बाहेरून टेस्टोस्टेरॉन किंवा दुसरं कुठलंही अ‍ॅनाबॉलिक स्टिरॉइड आलं की मेंदूकडून वृषणांना जाणारा हुकूम बंद पडतो. रक्तातले एलएच आणि एफएसएच, म्हणजे हा हुकूम नेणारी संप्रेरकं, तळाला जातात. मग आकडा मुळात का कमी होता हे शोधायला हाती पुरावाच राहत नाही. तो परत मिळायला कित्येक महिने लागतात, कधी वर्षाहूनही जास्त. म्हणून जे शोधायचं ते पहिल्या सुईच्या आधीच शोधा.

आधी तीच तपासणी पुन्हा, पण नीट

एका नमुन्यावर निदान होत नाही. पहिला आकडा कमी आलेल्या पुरुषांपैकी साधारण ३० टक्के जणांचा दुसरा आकडा ठीक येतो. निदानासाठी वेगवेगळ्या दिवशी घेतलेले सकाळचे दोन नमुने लागतात.

नमुना सकाळी ७ ते १० च्या दरम्यान, उपाशीपोटी द्या. पाणी चालतं. टेस्टोस्टेरॉन पहाटे चढतं आणि दिवसभर उतरत जातं, तरुणांमध्ये हा उतार जास्त असतो. जिम आटोपून संध्याकाळी दिलेला नमुना त्यामुळे कामाचा नाही. खाण्याचाही फरक पडतो: ग्लुकोजचं पाणी प्यायल्यावर पातळी सरासरी २५ टक्क्यांनी घसरलेली आढळली आहे. झोपेचं तर फार कमी लोक धरतात. आठवडाभर रोज ५ तासच झोपू दिलेल्या तरुणांमध्ये दिवसाची पातळी १० ते १५ टक्क्यांनी खाली आली होती. तपासणीआधी निदान आठवडाभर पूर्ण झोप घ्या. ताप किंवा शस्त्रक्रिया झाली असेल तर बरं होऊन काही आठवडे जाऊ द्या. चरबी उतरवण्यासाठी पोट मारून खात असाल तर शरीर स्वतःच उत्पादन आवरतं घेतं. अशा वेळी काही आठवडे भरपेट खा आणि मगच रक्त द्या.

केसांसाठीच्या गोळ्यांमध्ये बायोटिन भरपूर असतं. काही यंत्रांवर त्यामुळे टेस्टोस्टेरॉन खोटं वाढलेलं आणि एलएच खोटं घटलेलं दिसतं. तपासणीआधी ३ दिवस त्या गोळ्या थांबवा.

दोन्ही नमुने एकाच लॅबमध्ये द्या, आणि रिपोर्टवरचं एकक बघा. आकडा नॅनोमोल प्रति लिटरमध्ये असेल तर २८.८ ने गुणा, म्हणजे नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटर मिळतात. डॉक्टर सहसा ३०० च्या आसपास रेघ ओढतात (सुमारे १०.४ नॅनोमोल). ही रेघ एकट्याने काही ठरवत नाही. सकाळचा ताठरपणा जाणं, कामेच्छा मरणं, दाढी-अंगावरचे केस विरळ होणं, अशी लक्षणं सोबत आहेत का हेही पाहावं लागतं. नुसती मरगळ दहा कारणांनी येते.

दुसऱ्या नमुन्यासोबत काय तपासायचं

एलएच, एफएसएच, एसएचबीजी आणि अल्ब्युमिन (रक्तातली प्रथिनं), प्रोलॅक्टिन (पिट्युटरीचं एक संप्रेरक), टीएसएच (थायरॉइडसाठी), फेरिटिन आणि ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन (लोहासाठी), एचबीए१सी (साखरेसाठी), लिपिड प्रोफाइल (कोलेस्टेरॉल), सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), यकृत आणि मूत्रपिंडाच्या तपासण्या. पुढे मूल हवं असेल तर वीर्य तपासणीही करा, २ ते ७ दिवस संयम पाळून. यकृताच्या आकड्यांबाबत एक सावधगिरी: जड वजनं उचलल्यावर एसजीओटी आणि एसजीपीटी आठवडाभरही वाढलेले राहू शकतात, कारण ते स्नायूंमधूनही रक्तात येतात. रक्त देण्याआधीचा आठवडा जड व्यायाम टाळा.

एसएचबीजी कुणी लिहून दिलं नाही तरी मागून घ्या. टेस्टोस्टेरॉनचा बराच भाग या प्रथिनाला घट्ट चिकटलेला असतो आणि तेवढा पेशींना मिळत नाही. एकूण टेस्टोस्टेरॉन २४५, अल्ब्युमिन ४.३ आणि एसएचबीजी १४ असेल, तर हिशेबाने मोकळं टेस्टोस्टेरॉन साधारण ७० पिकोग्रॅम प्रति मिलिलिटर निघतं, म्हणजे ठीक. बाकी सगळं तेच ठेवून एसएचबीजी ६० धरा, ते ३२ च्या आसपास येतं, म्हणजे खरोखर कमी. एकच आकडा, दोन वेगळी माणसं! वजन जास्त असलेल्यांमध्ये आणि मधुमेहात एसएचबीजी घटतं. वय, यकृताचे आजार आणि थायरॉइडचा अतिरेक यांत ते वाढतं. मोकळं टेस्टोस्टेरॉन या हिशेबाने काढा, नाहीतर इक्विलिब्रियम डायलिसिस पद्धतीने मोजून घ्या. काही लॅब साध्या इम्युनोअसेवर (अँटिबॉडी वापरून केलेली चाचणी) थेट ‘फ्री टेस्टोस्टेरॉन’ देतात, त्यावर विसंबू नका.

रिपोर्ट वाचताना

सर्वात मोठी चूक एलएच वाचताना होते. टेस्टोस्टेरॉन १९०, एलएच ३.१, आणि एलएचपुढे ‘नॉर्मल’. माणूस निश्चिंत होतो. पण टेस्टोस्टेरॉन इतकं खाली असताना मेंदूने ओरडायला हवं, म्हणजे एलएच वर जायला हवं. ते मर्यादेत शांत बसलंय, याचा अर्थ बिघाड वरच्या बाजूला आहे, मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी ग्रंथी किंवा तिच्यावरच्या, तिला हुकूम देणाऱ्या हायपोथॅलॅमसमध्ये. याची कारणं: लठ्ठपणा, झोपेत श्वास अडकणं, वाढलेलं प्रोलॅक्टिन, शरीरात साठलेलं लोह, अफूवर्गीय वेदनाशामकं, दीर्घकाळ घेतलेली कॉर्टिकोस्टिरॉइडं, आणि आधी मारलेली सायकल. प्रोलॅक्टिन सुई टोचण्याच्या ताणानेही थोडं चढतं, म्हणून किंचित वाढलं असेल तर पुन्हा तपासा. ते बरंच वाढलेलं असेल, किंवा टेस्टोस्टेरॉन १५० च्या खाली आणि एलएच कमी असेल, तर पिट्युटरीच्या एमआरआयबद्दल डॉक्टरांशी बोला. डोकेदुखीसोबत बाजूचं दिसेनासं होत असेल तर थांबू नका.

उलट एलएच आणि एफएसएच वाढलेले असतील तर वृषणंच काम करत नाहीत. गालगुंडानंतरची सूज, मार, किमोथेरपी ही कारणं त्यात येतात. वृषणं लहान आणि कडक असतील तर गुणसूत्रांची तपासणी करून घ्या. क्लाइनफेल्टर सिंड्रोम (पुरुषात एक जादा एक्स गुणसूत्र असणं) दर ५०० ते १००० मुलग्यांमागे एकाला असतो आणि अनेकांना तो मोठेपणीच कळतो. अशा माणसात शुक्रजंतू आधीच तुटपुंजे असतात. स्टिरॉइडने उरलेसुरलेही गेले तर बाप होण्याची संधी हातची जाऊ शकते.

मग उपाय काय

कारण सापडलं की उपाय त्या कारणावर करायचा. वाढलेलं प्रोलॅक्टिन बहुतेक वेळा गोळ्यांनी आटोक्यात येतं. घोरणं आणि दिवसा पेंग असेल तर झोपेची तपासणी करा. वजन जास्त असेल तर ते उतरवल्यावर टेस्टोस्टेरॉन चढतं, आणि जितकं जास्त उतरवाल तितकं जास्त चढतं. असे बदल केल्यावर ३ ते ६ महिन्यांनी याच पद्धतीने पुन्हा मोजा. नेहमीची औषधं मात्र स्वतःच्या मनाने बंद करू नका, कॉर्टिकोस्टिरॉइड तर अजिबातच नाही, ते अचानक थांबवणं धोक्याचं असतं.

कमतरता पक्की ठरली तर एंडोक्रायनॉलॉजिस्ट (संप्रेरकांचे डॉक्टर) टेस्टोस्टेरॉन देतात. त्याचा हेतू पातळी सामान्य करणं एवढाच असतो. जिमच्या सायकलमध्ये त्याच्या कित्येक पट मात्रा जाते. त्याने चांगलं कोलेस्टेरॉल कोसळतं, हृदयाची भिंत जाडावते, गोळीच्या रूपातली बरीचशी स्टिरॉइडं यकृताला इजा करतात. डॉक्टरांच्या मात्रेतही रक्त घट्ट होऊ शकतं. हिमॅटोक्रिट (रक्तातल्या तांबड्या पेशींचा वाटा) ५४ टक्क्यांच्या वर गेलं तर उपचार थांबवावा लागतो, म्हणून सुरुवातीचा आकडा हाती हवा. आणि डॉक्टरांनी दिलेलं टेस्टोस्टेरॉनसुद्धा शुक्रजंतू बनणं थांबवतं. नजीकच्या काळात मूल हवं असेल तर हे पहिल्याच भेटीत सांगा. कमतरता वरच्या बाजूची असेल तर एचसीजीसारखे (एलएचचं काम करणारं इंजेक्शन) दुसरे मार्ग आहेत. वीर्य गोठवून ठेवायचं असेल तर तेही सुईच्या आधी.

दोन-चार इंजेक्शनं आधीच झाली असतील, तर काय घेतलं, किती आणि शेवटची सुई कुठल्या तारखेला, हे कागदावर लिहून डॉक्टरांच्या हातात द्या. तारीख माहीत नसेल तर तळाला गेलेलं एलएच बघून ते पिट्युटरीचा आजार समजतील आणि विनाकारण एमआरआय होईल. काउंटरवरून ‘पोस्ट सायकल’च्या, म्हणजे सायकलनंतर शरीर सावरायला म्हणून घेतल्या जाणाऱ्या, गोळ्या आणून घेऊ नका, त्या रक्तात असताना एलएच वाढलेलं दिसतं आणि शरीर आपलं आपण सावरलंय की गोळीमुळे, हे कुणालाच सांगता येत नाही.