गुरुजींचं पान कोणी लिहायचं? विकिपीडियावर नव्याने येणाऱ्यांसाठी

ग्वाल्हेरातला मराठी माणूस विकिपीडियावर लिहायला बसला की हितसंबंधांचा प्रश्न त्याला फार लवकर गाठतो. शहराच्या लष्कर भागात गाण्याशी नातं असलेलं घर शोधावं लागत नाही. कुणाचे आजोबा गायक राजाभैया पूछवाल्यांकडे शिकलेले, कुणाची आत्या माधव संगीत महाविद्यालयात शिकलेली, कुणाचा मामा दर डिसेंबरात तानसेन समारोहाच्या धावपळीत. ‘जे ठाऊक आहे त्यावर लिहावं’ असं ठरवलं की आपण थेट आपल्याच माणसांवर येऊन पोहोचतो. मी मराठी विकिपीडियावर बहुतेक वेळ ग्वाल्हेर या गायन घराण्याशी संबंधित लेखांवर काम करते आणि स्वतः याच परंपरेत शिकले आहे. त्यामुळे नवीन मुलं-मुली हाच प्रश्न घेऊन माझ्याकडे येतात.

ज्या विषयाशी तुमचं पैशाचं, नोकरीचं, रक्ताचं किंवा शिष्यत्वाचं नातं आहे, त्या विषयावर विकिपीडियात लिहिताना तुमचा हितसंबंध असतो. म्हणजे तुम्ही खोटं लिहिणार, असं कोणी म्हणत नाही. पण काय लिहायचं, काय सोडायचं आणि कशाला किती जागा द्यायची हे ठरवताना नातं मध्ये येतं, आणि ते आलेलं आपल्याला दिसत नाही. वैरही यातच मोडतं. शेजारच्या परंपरेतल्या गवयाच्या लेखातून एखादा पुरस्कार ‘संदर्भ नाही’ म्हणून उडवण्याआधी हात थांबवावा, कारण आपल्या गुरूंच्या लेखात तोच पुरस्कार आपण संदर्भाशिवाय ठेवला असता.

पैशाचा भाग सरळ आहे. लेखनाबद्दल मोबदला मिळत असेल तर तो जाहीर करणं २०१४ पासून विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडिया संस्थेच्या वापराच्या अटींतच आहे. कोण पैसे देतं, कोणासाठी लिहिताय आणि तुमचा संबंध काय, हे आपल्या सदस्य पानावर, लेखाच्या चर्चा पानावर किंवा संपादन सारांशात (बदल जतन करताना लिहायच्या ओळीत) लिहावं लागतं. संस्थेच्या कार्यालयात बसून पगाराच्या वेळेत लिहिलं तर तेही याच अटीत येतं. ‘पान करून देतो, इतके पडतील’ असं कलाकारांना सांगत फिरणारे लोक आहेत, त्यांच्यापासून दूर राहा. २०१५ साली इंग्रजी विकिपीडियावर अशी एक मोठी टोळी उघड झाली. आधी नाकारला गेलेला लेख छापून आणण्याचे पैसे घ्यायचे, मग तो ‘सुरक्षित’ ठेवण्याचे वेगळे मागायचे, अशी त्यांची पद्धत होती. ३८१ खाती बंद झाली आणि दोनशेवर लेख काढून टाकले गेले. विकिपीडियावर पान विकत मिळत नाही, ही गोष्ट आपल्या ओळखीच्या प्रत्येक कलाकाराच्या घरी सांगायला हवी.

खरी अवघड जागा पैशाच्या बाहेर आहे. ग्वाल्हेर घराणं म्हटलं की हस्सू खाँ, हद्दू खाँ, नत्थन पीरबख्श ही नावं सगळेच घेतात, पुढे वाटा फुटतात. शंकरराव पंडित आणि कृष्णराव शंकर पंडित (१८९३–१९८९) यांची एक वाट. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर महाराष्ट्रात घेऊन गेले ती दुसरी, तिच्यातून विष्णु दिगंबर पलुसकर आले आणि १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय उभं राहिलं. शिवाय १९१८ साली माधवराव शिंद्यांच्या काळात भातखंड्यांच्या पुढाकाराने ग्वाल्हेरात संगीत विद्यालय निघालं, त्यातून स्वरलिपीवर शिकलेली पिढी तयार झाली. ‘अस्सल ग्वाल्हेर गायकी’ कुठली, यावर प्रत्येक घराचं उत्तर ठरलेलं आहे. शंकरराव पंडितांची तालीम घेतलेले राजाभैया पुढे भातखंड्यांच्या पद्धतीच्या विद्यालयाचे आधारस्तंभ झाले, म्हणजे माणसं इतकी सुबक वाटून ठेवलेली नव्हती. पण शिष्याने लिहिलेल्या लेखात ही गुंतागुंत गळून पडते आणि ‘खरी परंपरा अमुक यांनीच जपली’ एवढं एकच वाक्य उरतं. ते वाक्य लिहिणारा मनापासून तसं मानत असतो, म्हणून त्याला ते मत वाटतच नाही, माहिती वाटते.

काही काळापूर्वी माझ्या गुरुजींचे चिरंजीव घरी आले. चहा झाल्यावर म्हणाले, “ताई, बाबांचं पान तुम्हीच करा. तुमच्याइतकं कोणाला ठाऊक आहे?” मी म्हटलं, “दादा, म्हणूनच मी करणार नाही. तुमच्याकडची कात्रणं मात्र द्या, मी ती ज्याला वापरता येतील त्याच्यापर्यंत पोहोचवते.” त्यांना ते आवडलं नाही. त्यांना हेही सांगावं लागलं की पान झालं तर ते घरच्यांच्या मालकीचं राहणार नाही. उद्या कोणी छापील टीकेचा संदर्भ देऊन चार ओळी घातल्या, तर आपल्याला त्या नकोत म्हणून निघणार नाहीत. हे बोलणं आधीच करून घ्या. पान झाल्यावर केलं तर भांडण होतं.

मग आपल्या माणसांसाठी करायचं काय? पुष्कळ काही. लेखाच्या चर्चा पानावर आपलं नातं उघड सांगायचं आणि बदल सुचवायचा. मी साधारण असं लिहिते: “मी या गायकांची शिष्या आहे, त्यामुळे लेखात स्वतः भर घालत नाही. लेखातलं जन्मसाल चुकलेलं दिसतं. अमुक वर्तमानपत्राच्या अमुक तारखेच्या अंकात पान तीनवर वेगळं साल आहे. कृपया कोणी तपासून बदलावं.” बदल एका वेळी एकच, संदर्भ नेमका. ‘लेख फार त्रोटक आहे, न्याय द्यावा’ असं लिहिलं तर कोणीच काही करू शकत नाही.

मराठी विकिपीडियावर माणसं कमी आहेत, हे मान्यच करायला हवं. इंग्रजीत चर्चा पानावरच्या विनंतीकडे कोणीतरी फिरकतं, इथे ती महिनोन् महिने तशीच पडून राहू शकते. अशा वेळी चावडीवर, म्हणजे सगळ्या संपादकांच्या सामाईक चर्चेच्या पानावर लिहा. तिथेही उत्तर आलं नाही, तर माझं मत असं: तारीख, शुद्धलेखन, तुटलेला दुवा, कोणीतरी घातलेली शिवी यांसारखा निर्विवाद बदल स्वतः करावा आणि संपादन सारांशात नातं पुन्हा लिहावं. स्तुती, योगदान, घराण्यातलं स्थान यांना मात्र हात लावू नये, कितीही वाट पाहावी लागली तरी. लक्ष ठेवणारे थोडे, म्हणून इथे जबाबदारी उलट आपल्यावरच जास्त येते.

संदर्भांच्या बाबतीत आपली मोठी अडचण म्हणजे स्मरणिका. जन्मशताब्दीची स्मरणिका, मंडळाच्या अमृतमहोत्सवाची स्मरणिका, गौरवग्रंथ. त्यांत अनमोल माहिती असते, पण त्या शिष्यांनी आणि घरच्यांनीच काढलेल्या असतात. जन्मगाव, तालमीची वर्षं अशा साध्या तपशिलांपुरत्या त्या चालतात. त्या व्यक्तीची दखल जगाने घेतली होती, हे ठरवायला बाहेरचं काही हवं: वर्तमानपत्रातलं परीक्षण, दुसऱ्या कोणी लिहिलेला ग्रंथ, अकादमीची नोंद. ते मराठीत असण्याची गरज नाही. ग्वाल्हेरच्या गवयांवरचं बरंच छापील साहित्य हिंदीत आहे आणि हिंदी संदर्भ मराठी लेखात बिनदिक्कत देता येतो. जुन्या अंकांसाठी वाचनालयात बसावं लागतं. तिथे घालवलेली दुपार दहा चर्चांपेक्षा उपयोगी पडते.

अगदी नवीन असाल तर सुरुवात जिथे काहीच नातं नाही अशा विषयाने करा. ग्वाल्हेरचा गुजरी महाल, तेली मंदिर, गोपाचलाच्या जैन मूर्ती, यांतलं काहीही घ्या. धूळपाटीवर, म्हणजे सरावाच्या पानावर लिहा, संदर्भ लावायला शिका, आपलं वाक्य कोणी बदललं की ते का बदललं हे लेखाच्या संपादन इतिहासात जाऊन पाहा. परक्या विषयावर स्वर किती सपाट ठेवायचा असतो हे एकदा हाताला कळलं, की आपल्या माणसावरच्या लेखातली विशेषणं आपोआप खुपायला लागतात.

आणि एक काम शिष्यांनी आणि घरच्यांनीच करावं असं आहे: छायाचित्रं. जुन्या गवयांचे मोकळ्या परवान्याचे, म्हणजे कोणालाही वापरता येतील असे फोटो मिळत नाहीत आणि ते आपल्याच कपाटांत असतात. फक्त प्रत घरात असली म्हणजे हक्कही आपलाच, असं धरून चालू नका. फोटो कोणी काढला, कोणाच्या सांगण्यावरून काढला, हे आधी विचारा आणि हक्क ज्याचा असेल त्याची लेखी परवानगी घ्या. मैफलीत तुम्ही स्वतः काढलेला फोटो सगळ्यांत सोपा, तो कॉमन्सवर, म्हणजे विकिमीडियाच्या चित्रसंग्रहात, स्वतःच्या नावाने चढवता येतो. वर्णनात मैफलीचं ठिकाण आणि तारीख लिहा. ‘स्वरसम्राट’ वगैरे लिहू नका. तो फोटो लेखात लावायचा का आणि कुठे, हे चर्चा पानावर विचारा.