ठाण्याच्या घोडबंदर रोडवर महापालिकेचा ड्रोन उडवण्याआधी

नाल्याची पाहणी असो वा मालमत्ता कराचं सर्वेक्षण, कार्यादेशात हेतू नेमका लिहा: कोणता नाला, कुठून कुठपर्यंत, मोजायचं काय. ‘परिसराची पाहणी’ असं मोघम लिहिलं की तेच फुटेज उद्या मोर्च्यात कोण होतं हे शोधायला बाहेर निघतं. खासगीपणाच्या हक्कावरच्या सर्वोच्च न्यायालयाच्या पुट्टस्वामी निकालातल्या (2017) कसोट्या, म्हणजे कायद्याचा आधार, गरज आणि प्रमाण, इथेच लावून बघा.

डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन पोर्टलच्या नकाशावर क्षेत्राचा रंग तपासा. हरित, म्हणजे वेगळी परवानगी न लागणाऱ्या क्षेत्रातही कमाल उंची 400 फूट, म्हणजे साधारण 120 मीटर. खरी गोम इथे आहे. 120 मीटर म्हणजे चाळिसाव्या मजल्याची खिडकी, आणि तीस मजली टॉवरच्या गच्चीपासून जेमतेम 30 मीटर. एक इंची सेन्सरच्या 20 मेगापिक्सेल कॅमेऱ्याला 120 मीटरवरून एका पिक्सेलमागे तीन सेंटिमीटरहून थोडं जास्त मिळतं. चेहऱ्याचा नुसता ठिपका होतो. 30 मीटरवरून तोच पिक्सेल एक सेंटिमीटरच्या आत येतो आणि गच्चीत कपडे वाळत घालणारी बाई शेजाऱ्यांना ओळखू येईल. म्हणून उंची जमिनीबरोबरच टॉवरच्या गच्चीपासूनही मोजा, आणि खिडक्यांपासूनचं आडवं अंतरही आराखड्यात लिहा. कॅमेरा सरळ खाली रोखलेला हवा. 45 अंशांवर कलला की बाल्कन्या दिसतात. त्रिमितीय मॉडेल खरंच लागणार नसेल तर ठेकेदाराला तिरके फोटो घेऊच देऊ नका.

नकाशा जुळण्यासाठी फोटो 70-80 टक्के एकमेकांवर यावे लागतात, त्यामुळे हद्दीबाहेरचंही टिपलं जातं. ते कापूनच नकाशा पुढे द्या. परतीच्या वाटेवर चित्रण बंद ठेवा. ‘रिटर्न टू होम’ला, म्हणजे आपोआप परतताना, ड्रोन सरळ रेषेत, मधल्या सोसायटीवरून येतो.

दोन दिवस आधी प्रभाग समितीत आणि सोसायट्यांच्या फलकावर दिवस, वेळ, हेतू आणि फोन नंबर लावा.

मेमरी कार्ड क्रमांक टाकून जमा करून घ्याच, पण पायलटचा मोबाइलही बघा: उडवण्याच्या अ‍ॅपमध्ये हलक्या दर्जाची प्रत राहू शकते, शिवाय क्लाउडवर आपोआप चढवणं सुरू असू शकतं. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एकही क्लिप नको. मूळ फोटो पुसण्याची तारीख करारातच घाला, पुसल्याची सहीनिशी नोंद ठेवा.

उड्डाणाची नोंदवही जपून ठेवा. दहा रुपयांच्या माहिती अधिकार अर्जाला 30 दिवसांत उत्तर द्यावं लागतं, तेव्हा फुटेज न उघडता ती देता येते.