जुन्या घराच्या वाकड्या कोपऱ्यात स्कर्टिंग

बडोद्यात दांडिया बाजारातलं आमचं घर जुनं. लादी बदलली, तेव्हा भिंतीच्या तळाची सागवानी पट्टी, म्हणजे स्कर्टिंग, मीच बसवायची ठरवली. दोन्ही तुकडे 45 अंशांत कापले, तरी कोपऱ्यात नख जाईल एवढी फट. कापच चुकला असं वाटून अजून एक पट्टी वाया घालवली. शेवटी भिंतीला गुण्या (काटकोन तपासायची सुताराची पट्टी) लावला. भिंतीच काटकोनात नव्हत्या!

बाबा म्हणाले, "अरे, पट्टीला पट्टी जुळव, कोन सोड." मग एक पट्टी सरळ कापून थेट भिंतीला भिडवली. दुसरी 45 अंशांत कापल्यावर कापाच्या कडेला पट्टीच्या उंचसखल नक्षीची रेषा उमटते. तिच्यावर पेन्सिल फिरवली, बारीक करवतीने त्याच रेषेत कापलं, मागून थोडं जास्त. कानस मारली. आता सांधा शोधावा लागतो.

बाहेरच्या कोपऱ्याला मात्र कोन मोजून प्रत्येक पट्टी त्याच्या निम्म्या कोनातच कापावी लागते.

दाराच्या चौकटीभोवतीच्या पट्ट्या आधी लावा, स्कर्टिंग त्यांना येऊन टेकतं. चौकटीची 5 मिलिमीटर कड उघडी ठेवली, डोळ्यांना बरी दिसते. टोकाशी लाकूड चिरत होतं, म्हणून बारीक खिळ्यांची अणी हातोडीने बोथट करून मग ते ठोकले. त्यानंतर एकही पट्टी चिरली नाही.