अक्षरं जोडणाऱ्या कोडचं डॉक्युमेंटेशन कसं सुधारायचं: ‘गड्ड्याची’ या एका शब्दापासून सुरुवात

टेक्स्ट एडिटरमध्ये ‘गड्ड्याची यात्रा’ टाईप केलं की स्क्रीनवर जे दिसतं आणि फाईलमध्ये जे सेव्ह होतं त्या दोन वेगळ्या गोष्टी असतात. फाईलमध्ये ‘गड्ड्याची’ म्हणजे ओळीनं बसलेले ९ कॅरॅक्टर, ग, ड, हलन्त, ड, हलन्त, य, काना, च आणि दीर्घ वेलांटी. स्क्रीनवर मात्र तीनच गट, ग, ड्ड्या, ची. ही मधली जोडाजोडी ठरवणारा जो कोड असतो तो कॅरॅक्टर कॉम्पोझिशनचा, आणि त्याचं डॉक्युमेंटेशन बऱ्याचदा असं असतं की ज्यानं कोड लिहिला त्यालाच कळावं, बाकीच्यांनी नुसतं वाचून मान हलवावी.

हे सुधारायला लय मोठा प्रोग्रामर असायची गरज नाही. उलट ज्याला रोज मराठी, तेलुगू, कन्नड दिसतं त्याला हे काम जास्त चांगलं जमतं, आणि सोलापुरात या तिन्ही लिप्या वाचणारी माणसं शोधायला लांब जावं लागत नाही. मी इथं ईमॅक्स हा टेक्स्ट एडिटर धरून सांगतो, कारण त्याचा कोड उघडा आहे आणि डॉक्युमेंटेशन एडिटरच्या आतच बसलेलं आहे. दुसरा एडिटर असला तरी पद्धत हीच राहते, कमांडची नावं तेवढी बदलतील.

१. आधी डोळ्यांनी बघा

नवीन फाईल उघडून ‘सिद्धेश्वर’, ‘बार्शी’, ‘पायऱ्या’, ‘गड्ड्याची’ असे चार शब्द टाका. कर्सर ड्ड्या वर नेऊन कंट्रोल-यू, मग कंट्रोल-एक्स आणि बरोबरचं चिन्ह दाबा. जी खिडकी उघडते तिच्यात हा कॅरॅक्टर पुढच्या कुठल्या कॅरॅक्टरांशी जोडला गेलाय, कुठला फॉन्ट वापरला आणि शेवटी कुठले ग्लिफ (फॉन्टमधले अक्षरांचे आकार) काढले हे सगळं येतं. त्यानंतर मेटा-एक्स (बहुतेक कीबोर्डवर ऑल्ट आणि एक्स) देऊन ऑटो-कॉम्पोझिशन-मोड बंद करा. सगळे हलन्त उघडे पडतात, सिद्धेश्वरची पहिली वेलांटी स च्या उजवीकडं जाऊन बसते, बार्शीचा रफार उतरून परत र होतो. हा जो फरक दिसला तो दोन ओळीत लिहून ठेवा, पुढं हाच कामाला येतो.

२. डॉक्युमेंटेशन नक्की कुठं कुठं आहे ते शोधा

एका जागी नसतं हीच पहिली अडचण. ईमॅक्सचा कोड लिस्प आणि सी या दोन भाषांत आहे. लिस्पच्या फंक्शनची डॉकस्ट्रिंग, म्हणजे कोडमध्येच लिहिलेली माहिती, कॉम्पोझिट.ईएल या फाईलमध्ये, सी मधल्या फंक्शनची कॉम्पोझिट.सी मध्ये, भारतीय लिप्यांचे पॅटर्न इंडियन.ईएल मध्ये, आणि लिस्प मॅन्युअल वेगळं, ते टेक्सइन्फो नावाच्या फॉरमॅटमध्ये. कंट्रोल-एच व्ही दाबून कॉम्पोझिशन-फंक्शन-टेबल असं नाव दिलं की मुख्य डॉकस्ट्रिंग समोर येते. ती एकदा शांतपणे वाचा आणि जिथं अडलात तिथं खूण करा. ही खूण सांभाळून ठेवा हां, कारण आठ दिवस कोडमध्ये राहिलं की आपल्यालाही सगळं सोपं वाटायला लागतं आणि मग नवीन माणूस कुठं अडतो ते आपल्याला दिसत नाही.

जुना मजकूरही तपासा. आवृत्ती २७ पासून, म्हणजे २०२० पासून, ईमॅक्स अक्षरांचा आकार काढायला हार्फबझ ही लायब्ररी वापरतं. त्याच्या आधीच्या लायब्ररींच्या गोष्टी कमेंटमध्ये शिल्लक असतील तर त्या अजून खऱ्या आहेत का ते बघून मगच हात लावा.

३. एकाच शब्दाचा पूर्ण प्रवास लिहा

खरं काम हे आहे, सगळ्यात जास्त वेळ इथं द्या.

स्क्रीनवर अक्षर काढताना ईमॅक्स त्या कॅरॅक्टरसाठी कॉम्पोझिशन-फंक्शन-टेबलमध्ये नियम आहे का बघतं. नियमाचे तीन भाग असतात: एक पॅटर्न म्हणजे रेगेक्स (मजकूर जुळवायचा नमुना), एक आकडा, म्हणजे या कॅरॅक्टरच्या किती कॅरॅक्टर मागून पॅटर्न जुळवायला घ्यायचा, आणि एक फंक्शन, जुळलं तर कुणाला हाक मारायची ते. देवनागरीसाठी तो आकडा ० आहे आणि फंक्शन आहे फॉन्ट-शेप-जीस्ट्रिंग. आता ‘ड्ड्या’ घ्या. पहिल्या ड ला नियम सापडला, पॅटर्न ड पासून कान्यापर्यंत जुळला, ते सहाही कॅरॅक्टर एका गटात बांधून फंक्शनकडे गेले, फंक्शननं हार्फबझला दिले, हार्फबझनं फॉन्टमधले नियम लावून ग्लिफ परत दिले. डॉकस्ट्रिंगमध्ये नाही तर मॅन्युअलमध्ये एवढं जरी एका उदाहरणासकट आलं तरी निम्मे प्रश्न मिटतात.

इथं एक हद्द स्पष्ट लिहायलाच पाहिजे, आणि तीच सहसा लिहिलेली नसते. कॉम्पोझिशनचा कोड फक्त एवढंच ठरवतो की कुठले कॅरॅक्टर एकत्र पाठवायचे. ड खाली ड बसणार का शेजारी हलन्त घेऊन उभा राहणार, हे फॉन्ट आणि हार्फबझ मिळून ठरवतात. म्हणून ‘ड्ड असा दिसतो’ असं डॉक्युमेंटेशनमध्ये लिहू नका, फॉन्ट बदलला की ते खोटं ठरतं. ‘हे सहा कॅरॅक्टर एक गट म्हणून जातात’ असं लिहा, ते कुठल्याही फॉन्टला खरं राहतं. जोडाक्षर फुटलं अशी तक्रार घेऊन येणाऱ्याला पण मग कळतं की नियम चुकलाय का फॉन्ट कच्चा आहे, आणि पहिल्या पायरीत वापरलेल्या कमांडनं ते तो स्वतः तपासू शकतो.

‘पायऱ्या’ आणि ‘बार्शी’ ही जोडी उदाहरणात जरूर ठेवा. पायऱ्या मध्ये यू+०९३१ हा ऱ आहे आणि बार्शीमध्ये साधा यू+०९३० चा र. दोन्हींच्या पुढं हलन्तच, पण एकाचा आडवा अर्धा ऱ होतो आणि दुसऱ्याचा रफार डोक्यावर चढतो. हिंदी उदाहरणांवर चालणाऱ्या माणसाला हा आडवा ऱ सुचतच नाही.

४. मर्यादा आणि कारण, दोन्ही लिहा

मागं किती बघायचं तो आकडा ४ पेक्षा कमी असावा लागतो. एका कॅरॅक्टरला अनेक नियम असतील तर ते या आकड्याच्या उतरत्या क्रमानं लावलेले पाहिजेत, आणि त्यासाठी कॉम्पोझिशन-सॉर्ट-रूल्स हे फंक्शन आहे. लोक इथंच हमखास अडकतात. दुसरं म्हणजे टेबलमध्ये नवीन नियम सरळ सेट केला तर आधीचे पुसले जातात, म्हणून आधीची यादी काढून तिच्यात भर घालायची, हे उदाहरणाच्या कोडमध्येच दिसू द्या. वेगळं ‘सावधान’ वगैरे लिहिलेलं कोण वाचतंय, सगळे उदाहरण कॉपी करतात.

कंपोज-रीजन नावाची जी जुनी पद्धत आहे ती वेगळी, तिथं मजकुरालाच प्रॉपर्टी, म्हणजे एक न दिसणारी खूण, चिकटवली जाते. दोन्हींची सरमिसळ होऊ देऊ नका, सुरुवातीलाच एक वाक्य टाकून वेगळं करा.

५. वापरणाऱ्याला काय जाणवतं ते विसरू नका

कोड वाचणारे थोडे, टाईप करणारे जास्त. बाणाची की दाबली की कर्सर ‘ड्ड्या’ वरून एका उडीत जातो. बॅकस्पेस मारला तर मात्र फक्त काना जातो, ‘ड्ड्य’ उरतं. आणि आवृत्ती २९ पासून डिलीट की पुढचा अख्खा गट उडवते. तिन्ही वागणुकी मुद्दाम ठेवलेल्या आहेत, पण कुठं एकत्र सांगितल्या नसतील तर माणसाला वाटणार बग आहे. गटाच्या आत कर्सर नेऊन गट तिथंच फोडून बघायचा असेल तर कॉम्पोझिशन-ब्रेक-ॲट-पॉइंट आहे, त्याचा उल्लेख इथंच करा.

६. दुसऱ्या लिपीवर तपासा

देवनागरीवर खरं ठरलेलं वाक्य तेलुगूवर पण टिकतं का बघा. सोलापूरच्या पूर्व भागातल्या एखाद्या तेलुगू मित्राला बसवा, कन्नडसाठी अक्कलकोटकडचं कुणी मिळालं तर उत्तमच. त्यांना कोड दाखवू नका, नुसता तुम्ही लिहिलेला परिच्छेद द्या आणि त्यांच्या लिपीतल्या एका जोडाक्षराचं काय होईल ते आधी सांगायला लावा, मग स्क्रीनवर बघा. चुकला आणि ‘हे कुठं लिहिलंय बे?’ म्हणाला तर परिच्छेद परत लिहायचा.

७. साफसफाई आणि पाठवणं

हे सगळं इंग्रजीतच लिहावं लागतं, पण वाक्यं छोटी ठेवली की इंग्रजी जेमतेम असलं तरी चालतं. पहिली ओळ पूर्ण वाक्य, आर्ग्युमेंटची नावं कॅपिटलमध्ये, ओळ ८० कॅरॅक्टरच्या आत. लिस्पच्या फाईलवर मेटा-एक्स चेकडॉक चालवा, बारीकसारीक चुका तोच दाखवतो. मग गिटचा (कोडमधले बदल सांभाळणारं साधन) फॉरमॅट-पॅच करून, म्हणजे बदलांची फाईल (पॅच) काढून, बग ट्रॅकरच्या पत्त्यावर मेल, त्यासाठी सबमिट-ईमॅक्स-पॅच अशी कमांडच आहे. साधारण १५ ओळींपर्यंतचा बदल असेल तर कॉपीराईटचे कागद लागत नाहीत, त्याच्या वर गेलं की फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनकडं असाईनमेंट करावी लागते, म्हणजे कॉपीराईट त्यांच्या नावे करून द्यावा लागतो. म्हणून पहिला पॅच एकाच डॉकस्ट्रिंगचा ठेवा.

रिव्ह्यू करणारा मेलवर काही विचारेल, याचा अर्थ काय, हे का लागतं असं. त्याला मेलमध्ये समजावून मोकळे होऊ नका. जे उत्तर त्याला दिलं तेच डॉकस्ट्रिंगमध्ये टाकून दुसरा पॅच पाठवा.