सावजीत दोघांचं जेवण एका मटण प्लेटमध्ये

तालुक्याला कामासाठी गेलं की सावजी भोजनालयात, म्हणजे विदर्भातल्या झणझणीत रश्श्याच्या खानावळीत, दोघांचं बिल उगाच फुगतं. बहुतेक ठिकाणी थाळी नसते. प्लेट, पोळी, भात सगळं सुटं लावतात.

१. आठवडी बाजाराच्या दिवशी साडेबाराच्या आत पोचा. उशीर झाला की चांगले तुकडे गेलेले असतात, उरते ती तर्री.

२. बसल्याबसल्या, ऑर्डर द्यायच्या आधी विचारा: "भाऊ, रस्सा पुन्हा भेटते का? त्याचे अलग पैसे लागते का?" सगळं गणित याच उत्तरावर आहे. रस्सा फुकट किंवा थोडक्यात मिळत असेल तर दोघांत एकच मटण प्लेट आणि सोबत एक अंडाकरी पुरते. फळ्यावर खूर (बोकडाचे पाय) दिसले तर अंडाकरी सोडा, खूर घ्या. दाट, चिकट रस्सा खुरांचाच. माझ्या मते मटणापेक्षा सरस.

३. पोळीऐवजी ज्वारीची भाकर सांगा. रश्श्यात कुस्करली की पोट लवकर भरतं. भात शेवटी, दोघांत अर्धी प्लेट.

४. चहा बाजूच्या टपरीवर.

श्रावण पाळणारं कुणी सोबत असेल तर पाटोडी रस्सा (बेसनाच्या वड्यांचा) मागा. हिशेब तोच.

एक मात्र सांभाळा. सावजीचा तिखटपणा वरच्या तेलात जास्त असतो. लेकरं सोबत असतील, किंवा जेवून लगेच उन्हात गाडी हाकायची असेल, तर तर्री चमच्याने बाजूला काढा आणि दही आधीच मागवून ठेवा. नुसत्या पाण्याने आग विझत नाही.