इंजिन बंद पडलं की लगेच सुई फिरवताय? मॉडेल विमानवाल्यांनो, या चुका टाळा

मागच्या जानेवारीतली गोष्ट. सोलापुरात गड्ड्याची यात्रा चालू होती, सकाळी सातची थंडी, आणि आम्ही चौघं मंगळवेढा रोडला एका माळावर ४६ साइजचं (०.४६ घनइंच) ग्लो इंजिन, म्हणजे मॉडेल विमानाचं मिथेनॉलवर चालणारं छोटं इंजिन, घेऊन बसलेलो. (होटगी रोडला विमानतळ आहे म्हणून तिकडं जायचं नाही, नान्नजला माळढोक अभयारण्य म्हणून तिकडंही नाही, राहता राहिला हा माळ.) इंजिन एका झटक्यात चालू व्हायचं, थ्रॉटल दिला की मस्त गरजायचं, आणि दोन-तीन मिनिटांत आवाज चिरका होऊन बंद. (सुई म्हणजे कार्बोरेटरमधलं तेल, म्हणजे इंधन, कमी-जास्त करायचा स्क्रू. उघडली की तेल वाढून मिक्स्चर रिच, आत घेतली की तेल कमी होऊन लीन.) "सुई उघड बे अजून, लीन व्हायलंय ते," असं एकजण म्हणला की दुसरा उघडायचा, असं करत करत दीड-दोन टर्नवर असणारी सुई साडेतीन टर्नवर गेली. मग ते चाललं. आम्ही खूश, विमान वर, आणि पाचव्या मिनिटाला नेमकं शाळूच्या वर असताना आवाज चढला, चिरकला आणि एकदम शांत. डोक्याएवढ्या उभ्या पिकात दीड तास शोधलं. शेताच्या मालकानं शिव्या द्यायच्या ऐवजी हुरडा खायला दिला, ते एक बरं झालं.

कार्बोरेटर खराब नव्हताच. काय झालं होतं ते सांगतो, पण आधी मूळ गोंधळ कुठं होतो ते बघा.

आपल्यापैकी सगळ्यांना बाईकचा कार्बोरेटर माहितीय आणि तिथंच घोळ होतो. बाईकला फ्लोट चेंबर असतो, टाकी भरलेली असो नाहीतर रिझर्व्हला असो, जेटच्या तोंडाशी पेट्रोलची पातळी तेवढीच राहते. ग्लो इंजिनाच्या कार्बोरेटरला फ्लोट नसतो. एक फिरणारं बॅरल, एक सुई, एक बारीक भोक, संपलं. म्हणजे टाकी किती उंचीवर आहे, ट्यूब कशी आहे, मफलरमधनं (सायलेन्सरमधनं) टाकीला प्रेशर येतंय का, हे सगळं मिळूनच तुमचा कार्बोरेटर असतो, आणि यातल्या कशातही गडबड झाली की लक्षण मात्र सुईवर दिसतं, म्हणून आपण सुई फिरवतो आणि खरा आजार झाकून ठेवतो.

आमच्या केसमध्ये टाकीच्या आतल्या ट्यूबला, पितळी नळीवर जिथं ती चढवलेली असते तिथं, टाचणीच्या टोकाएवढं भोक होतं. टाकी भरलेली असताना भोक तेलात बुडालेलं, म्हणून इंजिन झकास. पातळी खाली आली की भोक उघडं पडलं आणि इंजिन तेलाबरोबर हवा ओढायला लागलं. त्यामुळं भरल्या टाकीवर छान आणि अर्ध्या टाकीला बोंब अशी तक्रार असेल तर सुईला हात न लावता आधी टाकी उघडा. ट्यूब बाहेर काढून एक टोक बंद करा, दुसऱ्या टोकानं फुंका आणि पाण्याच्या वाटीत धरा, बुडबुडा आला की सापडला चोर. ती ट्यूब दरवर्षी बदलायचीच, चांगली दिसत असली तरी. विमान नाकावर आपटलं असेल तर क्लंक, म्हणजे ट्यूबच्या टोकाचं वजन, पुढं जाऊन अडकलंय का तेही बघा, कारण मग जमिनीवर सगळं ठीक चालतं आणि नाक वर केलं की तेलच मिळत नाही.

टाकीची उंची ही दुसरी चूक. टाकीचा मध्य सुईच्या लेव्हलला किंवा सेंटिमीटरभर खाली पाहिजे. वर बसवली तर नुसतं उभं असताना तेल झिरपून इंजिन फ्लड होतं, फार खाली बसवली तर चढताना लीन. मफलरची प्रेशर नळी निघाली असेल तर मग काही सेट व्हायचंच नाही.

ग्लो प्लग, म्हणजे आतली कॉइल तापून इंधन पेटवणारा प्लग. यावर कुणाचा विश्वास बसत नाही पण निम्म्या वेळेला दोषी हाच असतो. इग्नायटर (चालू करताना प्लग तापवायची बॅटरी) काढला की आरपीएम पडतात, म्हणजे एकतर स्लोचं (थ्रॉटल कमी असतानाचं, आयडलचं) मिक्स्चर फार रिच आहे किंवा प्लग म्हातारा झालाय. प्लगची कॉइल चकचकीत पाहिजे, पांढरट-भुरकट झाली असेल तर ती पेटलेली दिसली तरी बदला. आणि बदलूनच पुढची तपासणी करा, कारण खराब प्लगवर केलेलं ट्यूनिंग नवा प्लग टाकल्यावर परत करावं लागतं.

मग तेल. ग्लो फ्युएल म्हणजे मुख्यतः मिथेनॉल, त्यात नायट्रोमिथेन आणि वंगणाचं तेल, आणि मिथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं. पावसाळ्यात अर्धी रिकामी बाटली झाकण सैल ठेवून माळ्यावर टाकली आणि दिवाळीत काढली तर इंजिन नखरे करणारच, सकाळी लावलेली सुई दुपारी जमत नाही. बाटली घट्ट बंद, उन्हापासून लांब, आणि पोरांच्या हाताला लागणार नाही अशी, कारण मिथेनॉल विषारी आहे आणि दिवसा उजेडात त्याची ज्वाळा डोळ्याला जवळजवळ दिसत नाही. आपल्या उन्हात तर नाहीच नाही.

उन्हाचा विषय निघालाच आहे तर आपल्या गावासाठी हा मुद्दा महत्त्वाचा. एप्रिल-मे मध्ये पारा ४२-४३ वर असतो तेव्हा हवा विरळ, त्याच सुईवर इंजिन रिच वाटतं, म्हणून आपण सुई थोडी आत घेतो. ठीक आहे, पण तीच सुई जानेवारीच्या सकाळी तशीच ठेवली तर थंड दाट हवेत इंजिन लीन चालतं, तापतं, प्लग जाळतं. म्हणजे उन्हाळ्याची सेटिंग गड्ड्याला चालत नाही. आणि उन्हाळ्यातही पार टोकापर्यंत आत घ्यायची नाही, कारण गरम हवेत इंजिन गार होणं आधीच अवघड असतं.

एवढं सगळं बघून झालं की मग सुई. आधी हवा गळतीय का ते तपासा: कार्बोरेटरच्या बुडाशी ओ-रिंग, सुईची ओ-रिंग, बॅकप्लेटचं (इंजिनाच्या मागच्या झाकणाचं) गॅस्केट. स्लो चालू असताना जोडावर ग्लो फ्युएलचा एखादा थेंब सोडा, आवाज बदलला तर तिथून हवा जातीय. माझ्या एका इंजिनाला सुईची ओ-रिंग कडक झाली होती आणि मी दोन रविवार नुसती सुई फिरवत बसलो होतो.

फुल थ्रॉटलला सुई हळूहळू आत घ्या, आरपीएम चढत जाऊन जिथं थांबतील तिथून परत दोन-तीन क्लिक उघडा. हवेत गेल्यावर पंख्यावरचा (प्रोपेलरवरचा) भार कमी होऊन आरपीएम वाढतात, शिवाय टाकी रिकामी होत जाते, दोन्हीनं मिक्स्चर लीन होतं, म्हणून जमिनीवर थोडं रिचच हवं, मागं धुराची रेघ दिसली पाहिजे. मग विमान घट्ट धरून नाक सरळ आभाळाकडं करायचं, आठ-दहा सेकंद. आवाज तसाच राहिला किंवा किंचित चढला तर उडवा, पडला तर अजून उघडा. सुई नेहमी पंख्याच्या मागनं फिरवायची आणि गळ्यात गमछा घालून तर अजिबात नाही. हसू नका, बघितलंय मी.

स्लोसाठी ट्यूब चिमटीत धरायची टेस्ट करा. इंजिन अर्धा मिनिट स्लोला चालू द्या आणि कार्बोरेटरजवळ ट्यूब दाबा. लगेच मेलं तर स्लो लीन आहे. आरपीएम बराच चढून, वेळ घेऊन मेलं तर रिच. किंचित चढून दोन-तीन सेकंदात मेलं तर बरोब्बर. इथं एक मोठी गल्लत होते: काही कार्बोरेटरला दुसरी सुई असते, ती आत घेतली की लीन. काहींना एअर ब्लीड स्क्रू असतो, पुढच्या बाजूला बारीक भोक दिसतं, तो आत घेतला की हवा कमी होते म्हणजे उलटं, रिच होतं. मित्राच्या इंजिनाला चाललं म्हणून आपल्यालाही तसंच फिरवलं की संध्याकाळ गेली. एकावेळी आठवा भाग टर्न, जास्त नाही, आणि हाय सुई (फुल थ्रॉटलची मुख्य सुई) बसल्याशिवाय स्लोला हात लावायचा नाही.

साफ करायचा प्रकार तर विचारू नका. एका गॅरेजवाल्यानं माझ्यासमोर स्प्रेबारच्या, म्हणजे सुई जिच्यात बसते त्या नळीच्या, भोकात स्टीलची तार घालून असं गरगर फिरवलं की ते भोक मोठंच झालं, मग सुई पूर्ण बंद केली तरी इंजिन रिच. तार नको. सुई आणि ओ-रिंगा काढा, उरलेले भाग मिथेनॉलमध्ये रात्रभर बुडवा, जुन्या टूथब्रशनं घासा आणि उलट्या बाजूनं हवा मारा. इंधनात वंगण म्हणून एरंडेल वापरत असाल तर पडून राहिल्यावर त्याचा चिकट डिंक होतो आणि बॅरल जाम बसतं, पक्कडीनं ओढू नका, हेअर ड्रायरनं गरम केलं की सुटतं.

पेट्रोल इंजिनवाल्यांसाठी थोडक्यात: ग्लोची सिलिकॉन ट्यूब पेट्रोलला वापरू नका, फुगते आणि सुटते. तुमच्या कार्बोरेटरमध्ये डायफ्राम (पातळ लवचिक पडदा) असतो, आणि आता पंपावर २० टक्के इथेनॉलवालं पेट्रोल मिळतंय, ते टाकीत महिनोन्‌महिने ठेवलं तर डायफ्राम कडक होतो आणि जाळीचा फिल्टर तुंबतो. सुई फिरवायच्या आधी ती जाळी बघा.

आणि दिवस संपला की ट्यूब काढून इंजिन कोरडं होईपर्यंत चालवा, प्लगच्या भोकातनं आफ्टर-रन ऑइलचे (गंज रोखणाऱ्या तेलाचे) चार थेंब सोडून पंखा हातानं फिरवा. मी ते शाळूतलं विमान घरी आणल्यावर हे केलंच नाही, तुटलेला पंख चिकटवत बसलो, आणि होळीला बघतो तर बेअरिंगला गंज.