दात साफ करून घेतल्यावर सणक उठते? या चुका टाळा

दवाखान्यात दात साफ करून घेतले की दोन दिवसांत तक्रार ठरलेली: "आधी काहीच होत नव्हतं, आता साधं पाणी प्यायलं तरी सणक जाते. मशीनने दात झिजवले." या समजापायी पुढची सफाई पाच-पाच वर्षं टळते, आणि सगळ्यात महागात पडते ती हीच चूक.

कीटण काढायच्या या मशीनचं, म्हणजे स्केलरचं, टोक सेकंदाला साधारण 25 ते 30 हजार वेळा थरथरतं. त्या थरथरीने कीटण तडकून सुटतं. पाण्याची धार टोक थंड ठेवते आणि सुटलेला चुरा वाहून नेते. नीट वापरलं तर एनॅमलला, म्हणजे दातावरच्या कडक आवरणाला, धक्का लागत नाही. मग सणक कशाची? हिरडी आधीच मागे सरकलेली असते आणि उघड्या पडलेल्या मुळावर कीटणाचं लिंपण बसलेलं असतं. मुळावर एनॅमल नसतंच. तिथल्या डेंटिनमध्ये, म्हणजे दाताच्या आतल्या थरात, अतिसूक्ष्म नळ्या असतात. थंड, गोड किंवा नुसत्या वाऱ्याने त्यांतला द्रव हलला की आतली नस चमकते. लिंपण निघालं की या नळ्या उघड्या पडतात. दातांत 'नवीन' फटी दिसतात, त्याही कीटणाने बुजवलेल्या जुन्याच जागा. ही सळसळ बहुतेकांची आठवड्या-दोन आठवड्यांत ओसरते.

तेवढ्यासाठी आणलेली सेन्सिटिव्ह दातांची पेस्ट मात्र लोक चार दिवसांत सोडतात. 5 टक्के पोटॅशियम नायट्रेट नस शांत करतं, पण हळूहळू. स्टॅनस फ्लोराइड किंवा आर्जिनिनची पेस्ट नळ्यांची तोंडं बुजवते, तिलाही वेळ लागतो. दिवसातून दोनदा, निदान दोन ते चार आठवडे वापरा. घासून झालं की फेस थुंका. लगेच खळखळून चूळ भरली तर औषध मोरीत जातं. चूळ भरल्याशिवाय चैन पडत नसेल तर एका घोटावर भागवा.

ब्रश मऊच घ्या. कडक ब्रशने आडवं खसाखसा घासलं की हिरडीलगत पाचरीसारखी खाच पडते. सुळ्यांवर आणि त्यांच्या मागच्या दोन दातांवर ती जास्त दिसते. ब्रश पेनासारखा बोटांत धरा, म्हणजे जोर आपोआप कमी होतो. केस हिरडीकडे 45 अंशांत तिरपे ठेवून दोन मिनिटं हलकेच फिरवा. दीड-दोन महिन्यांतच ब्रशचे केस फिस्कारले, तर तुम्ही जोर लावताय.

कैरी, चिंच, आवळा, लिंबूसरबत यांनंतर दात आंबतात, आणि तेव्हाच घासायची हुक्की येते. आम्लाने पृष्ठभाग मऊ झालेला असतो. ब्रश अर्धा ते एक तासाने, तोवर साधी चूळ. लिंबू-मीठ चोळणं म्हणजे आम्ल आणि खरखर एकदमच. मशेरी तर भाजलेली तंबाखूच. दंतमंजनात तंबाखू घालायला भारतात 1992 पासून बंदी आहे, तरी घराघरांत ती भाजली जातेच.

सफाईनंतर 0.2 टक्के क्लोरहेक्सिडिनचं माउथवॉश दिलं असेल तर 10 मिली, दिवसातून दोनदा, सांगितले तितकेच दिवस. महिनोन्‌महिने वापरलं की दात तपकिरी होतात आणि चव बिघडते. पेस्टनंतर अर्धा तास थांबा, नाहीतर पेस्टमधला फेसाचा घटक त्याचा असर कमी करतो.

हिरडी आणि दात यांच्यातली फट 3 मिलिमीटरपर्यंत असेल तर साधं स्केलिंग, म्हणजे मशीनने कीटण काढणं, पुरतं. 5 मिलिमीटरच्या पुढे गेली की बहुधा हिरडीखालची खोल सफाई लागते; ती बधिर करून, टप्प्याटप्प्याने करतात. रक्त पातळ करणारी गोळी, हृदयाची कृत्रिम झडप किंवा पेसमेकर असेल तर खुर्चीत बसण्याआधी सांगा. गोळी मात्र स्वतःच्या मनाने बंद करू नका.

आणि प्रत्येक कळ म्हणजे सेन्सिटिव्हिटी नव्हे. थंड पाणी गेल्यावरही अर्धा मिनिट ठणका टिकतो, गरम चहाने कळ उठते, रात्री झोपेतून जाग येते: आतली नस सुजल्याची ही लक्षणं, पेस्टने बरी होणारी नाहीत. चावलेलं सोडताना एकाच दाढेत झटका बसला तर दाढेला चीर गेलेली असू शकते. दाखवायला जाताना कोणता दात, थंडाने की गरमाने आणि किती सेकंद, एवढं लक्षात ठेवून जा.